पडक्या धक्क्याकडचा मासा

बॅफिनच्या खाडीवर मासा कुठं लागला हे कुणी कुणाला खरं सांगत नाही. विचारणारा विचारतो, सांगणारा पाच-सात मैल लांबची जागा सांगतो, विचारणारा मान डोलावतो आणि तेवढी जागा सोडून बाकी सगळीकडं जाऊन येतो. ह्यात कुणाचा अपमान होत नाही. आमच्या पाद्र्यानंही मला एकदा अशीच थाप मारली होती, तीही रविवारी, चर्चच्या पायऱ्यांवर.

ओडेल रुझिचका आणि मी चाळीस वर्षं एकमेकांशी ह्याच रीतीनं वागलो. त्याचा सर्वांत मोठा ट्राउट साडेएकोणतीस इंचांचा. इकडं तीस इंचांच्या आतल्या माशाला मासा म्हणतात, तीस इंचांच्या वरच्याला मान असतो, आणि एवढी वाढते ती मादीच. राहिलेला अर्धा इंच ओडेलला लग्नात, बारशात, बायकोच्या मयतीलासुद्धा सोडून गेला नाही.

त्या फेब्रुवारीत त्याचे दोन्ही गुडघे गेले. मुलगी त्याला कायमचं अमरिल्लोला न्यायला येणार होती. तिथून समुद्र म्हणजे गाडीनं अख्खा दिवस.

"तिकडं मासे नाहीत का?" मी विचारलं. आम्ही फिनाच्या खानावळीत अंड्याचे टाको खात बसलो होतो.

"आहेत की. दुकानात, बर्फावर." त्यानं कप बाजूला सारला. "वेल्डन, परवा ती येतेय. माझ्याकडं उद्याचा एक दिवस आहे. ह्या गुडघ्यांवर पाण्यात एकदाच उतरता येईल. खरं सांग, मोठ्या माद्या कुठायत?"

"पडक्या धक्क्याच्या दक्षिणेला," मी म्हणालो.

घास अजून तोंडात होता. मी काही ठरवून बोललो नाही. शिंक यावी तसं ते आलं. माद्या खडकांच्या रांगेपाशी होत्या, आठवडाभर होत्या, आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

ओडेलनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. असलं काही आम्ही कधी करत नाही.

"अरे ओडेल, हा स्वतःच्या बायकोला खरं सांगत नाही," फिना कॉफी ओतता ओतता म्हणाली. "आणि तू ऐकतोस ह्याचं?"

"आज खरं बोललाय. मला कळतं."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण फिनाचे कान तिखट, आणि मागच्या टेबलावर तिघं जण चमचे न वाजवता खात होते. खडकांचं नाव काढलं असतं तर सकाळी तिथं जत्रा भरली असती. संध्याकाळी फोन करू, असं ठरवलं. संध्याकाळी आमिषं निवडत बसलो.

सकाळी धुकं विरलं तेव्हा मी खडकांपाशी कमरेएवढ्या पाण्यात होतो. पाय उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे, नाहीतर वाळूत बसलेली पाकट नांगी मारते. समोर बोय माशांचा थवा बिचकून पाण्याबाहेर उडत होता. पाण्यावर तेलकट तवंग आला होता आणि कलिंगडाचा वास सुटला होता. मोठी मादी खाली खात असली की असा वास येतो.

अर्ध्या मैलावर, धक्क्याच्या दक्षिणेला, ओडेलची लाल टोपी दिसत होती. दहा पावलं टाकायचा, थांबायचा, गुडघे सावरायचा, गळ फेकायचा. तिथं नुसता चिखल आणि बुडालेले खांब. दहा वर्षांत तिथं कुणाला काही लागलेलं नाही.

मी गळाची काठी उंच करून हलवली. ये, असं म्हणायचं होतं मला. त्यानंही काठी हलवली, अगदी आनंदानं. त्याला वाटलं मी शुभेच्छा देतोय.

आता चालत जायचं आणि त्याला हाताला धरून आणायचं. अर्धा तास लागला असता. म्हटलं, एकदा फेकतो आणि निघतो. मग म्हटलं, अजून एकदा.

तिसऱ्या वेळी ती लागली. मी काठीवरच्या खुणांना लावून मोजली. सव्वातीस. असली मादी इथं कुणी ठेवत नाही. पाण्यात धरून उभा राहिलो, तिनं शेपूट मारली, गेली. मान वर केली तर उत्तरेला आभाळ निळंकाळं झालेलं. दहा मिनिटांत वारा फिरला आणि लाल टोपी किनाऱ्याकडं निघाली.

गाड्यांपाशी तो गारठ्यानं थरथरत होता, पण चेहरा कसा! "लागली होती रे! असला हिसका! दोर तटकन तुटला. तीसच्या वर होती, शपथ." त्याचा गळ खांबात अडकला होता, हे मला ऐकताक्षणी कळलं. मला काय मिळालं हे विचारायला तो विसरला, चाळीस वर्षांत पहिल्यांदाच.

एप्रिलमध्ये ओडेलला फोन केला. नवे गुडघे बसले होते. व्यायाम घेणाऱ्या बाईला, शेजाऱ्याला, नातवंडांना, सगळ्यांना त्यानं सांगून झालं होतं की वेल्डननं आपली जागा दिली, असा मित्र कुणाला मिळत नाही.

"ओडेल," मी म्हणालो, "मी तुला खोटं सांगितलं. मासे खडकांपाशी होते."

तिकडं तो खोकला येईपर्यंत हसला. "आता मी लांब गेलो तर जागा परत घेतोस? लाज वाटू दे म्हाताऱ्या!"

"खरंच सांगतोय."

"बरं, खडकांपाशी तूच होतास ना त्या दिवशी? मग सांग, काय लागलं?"

सव्वातीस जिभेवर आलं होतं. तिकडं तो श्वास धरून ऐकत होता. शेजाऱ्याला, नातवंडांना सांगितलेली ती तीसच्या वरची मादी माझ्या एका आकड्यात मेली असती. की मला नुसती लाज वाटली? अजून ठरवता आलेलं नाही.

"काही नाही," मी म्हणालो. "सकाळभर एक टोचसुद्धा नाही."

"बघ!" ओडेल म्हणाला. "सगळ्या माझ्याकडं होत्या." आणि माझ्याबद्दल वाईट वाटून त्यानं आवाज जरा खाली आणला.