बाहेरचं कुलूप

कुलूप तुटून कडीला लोंबत होतं आणि दार सताड उघडं होतं. जिना चढता चढताच नूतनने ते पाहिलं. तिच्या तोंडून आधी ओजसचं, तिच्या बाळाचं, नाव निघायला हवं होतं.

"पारी! पारी कुठेय?"

खालच्या मजल्यावरचे दिनानाथकाका हातोडी घेऊन तिच्या मागोमाग चढत होते. फोन त्यांनीच केला होता. नूतन तेव्हा रोह्याला शाळेत मुलाखत देऊन नुकती बाहेर पडत होती. जिन्यातल्या मीटरच्या पेटीने पेट घेतलाय, सगळीकडे धूर झालाय, बिल्डिंगमधले सगळे खाली उतरलेत आणि तुमच्या दाराला बाहेरून कुलूप आहे!

"आग विझली गो. कुलूप मी फोडलं," काका धापा टाकत म्हणाले. "पण तुझी ती बाई खाली येईल तर शपथ! हाका मारून मारून आमच्या मालूचा घसा बसला. म्हणते, वैनी आल्याबिगर उंबरा ओलांडायची नाय. डोकं फिरलंय काय तिचं?" मग आवाज खाली आणून, "पण आत माणूस असताना असं कुलूप लावतं कोण, नूतन?"

नूतन आत धावली.

मागच्या गॅलरीत ओजसला सांभाळणारी पारी भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर ओजस झोपलेला, त्याच्या तोंडावर ओल्या पदराचा आडोसा. नूतनने त्याला खसकन उचललं, तसा तो रडला. श्वास नीट होता. तिचे हात त्याच्या डोक्यावरून, छातीवरून, पोटावरून फिरले आणि पायांशी येऊन थांबले. चांदीच्या वाळ्यांशी.

"दोनी हायत," पारी म्हणाली.

नूतनने हात मागे घेतला.

मुलं पळवणाऱ्या बायकांचा मेसेज मध्यंतरी त्यांच्या रामवाडी वसाहतीच्या ग्रुपवर फिरला होता. फोटोतली बाई आदिवासी वाडीवरच्या पारीसारखी दिसतही नव्हती. तरी 'बाहेरचं कुणी आत यायला नको' असं सांगून नूतन जाताना कुलूप लावायला लागली. नवरा, हर्षद, डोलवीला कंपनीत, पहिल्या शिफ्टला. त्याला याचा पत्ता नव्हता. आणि पारीने, का लावता, असं एकदाही विचारलं नव्हतं.

"हाताला काय झालं तुझ्या?"

"दार बडवला ना, धूर आला तवा."

दोन्ही तळवे सुजले होते. करंगळीजवळचं कातडं सोलून रक्त आलं होतं. ओजसला खाली बसवून नूतनने टोपात कोमट पाणी आणलं आणि पारीसमोर बसली.

"दार फोडल्यावर तरी खाली जायचंस गो!"

"धूर सरला व्हता तवा. पोराला हितं वारा व्हता." पारी शांतपणे बोलत होती. "न् मी पोर घेऊन रस्त्यावर उभी ऱ्हायले असते. तुमी आल्या, बगता तं दार मोडलेला, आत पोर नाय. काय म्हनल्या असत्या तुमी? आमचा वाडीवरचा मानूस मोकल्या दारातून भायेर पडला का चोर. माज्या रवीच्या बापाला असाच धरून नेलेला."

नूतन पाण्यात कापड पिळत राहिली. पारीला एकदम हसू आलं.

"आदितवारी वाडीवर प्रार्थनेत अशीच गोष्ट सांगलेली. येशूची दोन मानसा तुरुंगात. मारून मारून पाठी फोडलेल्या. धरणी हालली न् समदी दारा उघडली. शिपाय झोपेतून उठला, त्याला वाटला, पलाले समदे, आता सायेब मला जित्ता सोडीत नाय. सोताच्याच पोटात तलवार घालाया निघाला. तं आतून हाक आली, मरू नको बाबा, आमी हाव हितंच."

नूतनला पुढचं ठाऊक होतं. त्या पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या कथांवर, त्यांतल्या श्रद्धेवर आणि तारणावर तिने कॉलेजात लांबलचक निबंध लिहिला होता. वाचताना ती मनाने कायम कैद्यांबरोबर असायची.

"मंग शिपाय पाया पडला. म्हनला, आता मी कसा वाचू? न् त्यांच्या जखमा धुतल्यान्." पारीने आपल्या हातांकडे पाहिलं, मग नूतनकडे. "हलू वैनी. लय झोंबतंय."

नूतनने पट्ट्या बांधल्या.

"पारी, उद्यापासून कुलूप..."

"उद्याचा उद्या बगू."

पारी उठली, खुंटीवरची पिशवी घेतली. दाराबाहेर काका, मालूकाकू, वरच्या मजल्यावरची माणसं जमली होती. ती उंबऱ्याच्या आतच थांबली आणि तिने पिशवीचं तोंड उघडून नूतनसमोर धरलं.

"बगून घ्या."

"काय गो हे! जा तू."

"बगा. दार मोडलेला हाय. उद्या कपाटात कायतरी दिसला नाय, तं?"

"बघून टाक गो," मालूकाकू बाहेरून म्हणाल्या, "तिलाच बरं ते."

ओजसला कडेवर घेऊन नूतन वाकली. आत रिकामा डबा होता, फणी होती, एक जुना रुमाल होता. पारीने पट्टी बांधलेल्या हाताने डबा बाजूला सरकवला, तळ दिसावा म्हणून.

नूतनने मान हलवेपर्यंत ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली.