भाषांच्या यादीतलं भूत

मुलांनो, डोळे मिटा आणि बघा. लाँड्रीचं दुकान. गरम इस्त्रीचा वास, दारात ही गर्दी, आणि सगळ्यांची नजर टेबलावरच्या एका फोनवर. दहा वाजतात. फोनमधून पुरुषाचा आवाज येतो, कोणालाच न कळणाऱ्या भाषेत. दुकान चालवणारी मावशी भिंतीला टेकते. फोन तिच्या नवऱ्याचा, आता तीच वापरते. तो परदेशी जहाजावर स्वयंपाकी होता, गेल्या वर्षी वारला.

"ही त्याच्या जहाजावरची भाषा," मंत्रवाले बाबा डोळे फिरवत म्हणाले. "आत्मा खाऱ्या पाण्यात अडकलाय. आजच्या आज फोन नदीत सोड, नाहीतर घरातलं माणूस नेईल."

"पण बाबा, त्यांनी बोलून ठेवलेले निरोप आहेत त्यात. त्यांचा आवाज तेवढाच उरलाय."

"तोच तर तुला ओढतोय, बाई."

मावशी फोन कापडात गुंडाळू लागली. तिची दहा वर्षांची भाची टिकली पुढे झाली. भीती तिलाही वाटत होती.

"मावशी, दहा वाजता तू काय करतेस?"

"गोळी घेते. औषधांचं ॲप आठवण करतं. इंग्रजीत बोलायचं बापडं. रविवारपासून हे असं."

"रविवारी फोनला काय केलंस?"

"काही नाही गं. भाषांची यादी दिसली. आपली भाषा वर घातली, इंग्रजी काढून टाकलं. मला कुठे कळतं ते?"

टिकलीने यादी उघडली. वर आपली भाषा. खाली काकांनी, म्हणजे मावशीच्या नवऱ्याने, कामापुरती घातलेली, त्या परक्या बंदरावरची. ॲप ही यादी वरून वाचत येतं. पहिली भाषा येत नसली की पुढची धरतं. ह्या ॲपला आपली भाषा येतच नव्हती. इंग्रजी गेलं, तेव्हा उरली ती त्याने धरली.

टिकलीने इंग्रजी पुन्हा दुसऱ्या जागी घातलं आणि दोन मिनिटांनंतरची आठवण लावली. मग फोन इंग्रजीत बोलला.

"बाबा, आत्म्याला एवढ्यात इंग्रजी कोणी शिकवलं?" दुकानातल्या इस्त्रीवाल्याने विचारलं.

"आत्मे चतुर असतात," असं पुटपुटत बाबांनी पिशवी उचलली.

मुलांनो, भीती वाटण्यात लाज नाही. पण घाबरलात की 'कोण आलं?' म्हणण्याआधी 'काय बदललं?' एवढं विचारा.

टिकलीने मात्र फोन लगेच परत दिला नाही. काकांचे सगळे निरोप तिने आधी आपल्या आईच्या फोनवर पाठवले, मोजून पाहिले, आणि मग त्यातला एक मावशीच्या कानाशी लावला.