नॅडीनच्या चिलीत काय होतं

नॅडीन मंगळवारी सकाळी गेली. संध्याकाळी तिचा नवरा वर्लिन स्ट्राउड हॉस्पिटलातून घरी आला, तेव्हा तिचं चिलीचं पातेलं लख्ख घासून ओट्यावर पालथं घातलेलं होतं.

चर्चच्या बायका दुपारीच येऊन गेल्या होत्या. सटर वेल्स गावात कुणी गेलं की रडणाऱ्यांच्या आधी जेवण पोचतं. कॅसरोलचे, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाचे, ट्रे इतके आले की फ्रिजमध्ये जागा उरली नाही, म्हणून बायकांनी फ्रिज रिकामा केला. आत अर्धं पातेलं चिली होती, मांसाचा तो तिखट दाट रस्सा, नॅडीनने रविवारी केलेला. शिळं कशाला ठेवायचं, म्हणून ती टाकून दिली.

वर्लिनने फ्रिज उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. सकाळी डॉक्टर जे बोलला ते त्याने उभ्यानं ऐकलं होतं, सह्या केल्या होत्या, गाडी नीट चालवत घरी आला होता. पातेलं बघून मात्र तो खुर्चीत बसला. काय झालं, असं मेहुणी कॉर्लिसने विचारलं. भूक लागली, असं तो म्हणाला. तिने त्याच्यापुढे मासा घातलेल्या मॅकरोनीचा ट्रे ठेवला. त्याने तो खाल्ला.

दफन झालं, ट्रे ज्याचे त्याला परत गेले, आणि वर्लिन चिली करायला लागला. मांस, सुक्या मिरच्या, जिरे, लसूण. यापलीकडे चिलीत काही नसतं असं तो जन्मभर सांगत आला होता. गावच्या अग्निशमन दलाची दर शरद ऋतूत चिलीची स्पर्धा होते आणि तिथला मुख्य परीक्षक तोच. कपात राजमा, भात किंवा मॅकरोनी सापडली की तो कप बाद, हा नियम त्यानेच लिहिलेला. राजमा घालतात ते उत्तरेकडचे लोक, आणि त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, त्यांचा दोष नाही, असं तो म्हणायचा.

चिली झाली. खाण्यासारखी होती. नॅडीनची नव्हती.

तिने कधी काही लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून तो विचारत फिरला. टोमॅटो होता, असं कॉर्लिस म्हणाली. आमच्या आईच्या घरात टोमॅटोशिवाय चिली होतच नसे. माझ्या घरात टोमॅटो घातलेला नाही, असं वर्लिनने सांगितलं. त्यावर ती खिडकीबाहेर बघायला लागली. पाद्रीबाबा म्हणाले, कोको, चमचाभर. पेट्रोल पंपावरचा डब फेरेल म्हणाला की नॅडीन सकाळची उरलेली कॉफी घालायची, नक्की. प्रत्येकाला नॅडीनने स्वतः सांगितलं होतं. वर्लिनने टोमॅटो सोडून सगळं करून पाहिलं. शेवटी टोमॅटोही घालून पाहिला, पडदा ओढून. कशालाच ती चव आली नाही, तो दाटपणा तर नाहीच. पातेल्यात चमचा उभा राहावा अशी तिची चिली असायची. "बघ, नुसत्या मांसाने असं दाट होतं," असं तो दर वेळी पाहुण्यांना सांगायचा, आणि नॅडीन वाढत राहायची.

ऑक्टोबरात स्पर्धा झाली. कप सगळे सारखे, पांढरे, झाकण लावलेले. प्रत्येक कपावर नंबराच्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा, उरलेला अर्धा करणाऱ्याच्या खिशात. जिंकलेल्यांचेच नंबर पुकारतात. बाकीचं कुणी काय केलं, ते कुणालाच कळत नाही.

चौथा किंवा पाचवा कप असेल. वर्लिनने चमचा तोंडात घातला आणि थांबला. नॅडीनची चिली होती. मिरची आधी, जिरं मागून, आणि तो दाटपणा. मग जिभेला काहीतरी लागलं. पातळ, कागदासारखं. राजम्याचं साल.

नियमाप्रमाणे त्याने ते साल काढून ताटलीच्या कडेला ठेवायला हवं होतं. कप बाद झाला असता, आणि तो कुणाचा हे कधीच कळलं नसतं. वर्लिनने साल गिळलं. परीक्षकाने एकच चमचा घ्यायचा असतो. त्याने कप संपवला.

शेजारी बसलेला डब बघत होता. "काय रे बाबा, जेवायला बसलायस का?"

"मीठ बघत होतो," वर्लिन म्हणाला, आणि दहापैकी दहा लिहिले.

त्या कपाला दुसरं बक्षीस मिळालं. नंबर पुकारला तेव्हा वर्लिनच्या शेजारच्या घरातली ट्वायला हडस्पेथ उठली. मंडळाने तिच्या गळ्यात फीत घातली. तिच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

वर्लिनने तिला गाड्यांपाशी गाठलं.

"ट्वायला, त्यात राजमा होता."

"होता ना. मला वाटलं, पहिल्याच चमच्याला पकडशील."

"पकडला होता."

"मग?"

"मग काही नाही."

ट्वायलाने फीत काढून पर्समध्ये ठेवली. मग तिने सांगितलं. राजमा तिच्या घरी शिजायचा, कारण वर्लिनच्या घरी वास आला असता. नॅडीन तो घोटून, चाळणीतून गाळून, बरणीत घालून घरी न्यायची. लग्न झालं त्या वर्षापासून.

"ती गाळून घ्यायची," ट्वायला म्हणाली. "मला कंटाळा येतो."

"मला कधी बोलली नाही."

"बोलणार होती. पण पहिल्याच वेळी तू म्हणालास, बघ, नुसत्या मांसाने दाट होतं. त्यावर ती तीन दिवस हसत होती माझ्याकडे येऊन. म्हणाली, आता कसं सांगू, किती खूश झालाय."

वर्लिनने टोपी काढली, परत घातली. "अजून कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही," ट्वायला म्हणाली. "म्हणजे बायकांना आहे."

प्रमाण तिने तोंडी सांगितलं: किती राजमा, किती वेळ, गाळायचं कशातून. कोको नाही, कॉफी नाही. टोमॅटो होता, थोडा.

सोमवारी वर्लिन राजमा घ्यायला शेजारच्या गावी गेला, कारण सटर वेल्सच्या दुकानात गल्ल्यावर डबची मुलगी बसते. पिशवी त्याने ओट्यावर ठेवली. चाळणीही शोधून काढली. ती पिठाच्या डब्यामागे होती. त्याला आता वाईट वाटतं ते एवढंच, की नॅडीनला हसताना बघायचं राहिलं. ती हसली ते शेजारच्या घरी.

स्पर्धेच्या मंडळाला त्याने अजून काही कळवलेलं नाही. राजमाही अजून भिजत घातलेला नाही.