अठरा छर्रे

सायकलचं मागचं चाक उघडलं आणि छर्रे हातात सांडले. अठरा असायला हवे होते. बारा धड, तेही झिजून गेलेले, बाकीच्यांचा भुगा. बोंबला! उद्या पहाटे पाचला मला वारादेरोतल्या हॉटेलच्या धोबीखान्यात हजर व्हायचं होतं, आणि या महिन्यात दोनदा उशीर झालेला. "तिसऱ्यांदा झाला तर घरीच बस," असं मुकादमीण तोंडावर सांगून मोकळी झाली होती.

सकाळपासून सगळं कार्देनास गाव पालथं घातलं, एक छर्रा मिळेल तर शपथ. शेवटी अंगणात बसून तेच बारा पुन्हा लावले, ग्रीस नाही म्हणून डुकराच्या चरबीत माखून. पाना आवळला की चाक फिरेना, सैल केला की दारुड्यासारखं झोकांड्या खाई. चार वेळा उघडलं, चार वेळा लावलं. बोटं सोलून निघाली.

आणि समोर भिंतीवर ओस्मानीची सायकल! माझ्यासारखीच चिनी, त्याच मापाची. माझा हा धाकटा भाऊ दहा वर्षांपूर्वी मायामीला गेला. जाताना स्वतःच्या हातानं टांगून गेला. "सहा महिन्यांत येतो. हिला कुणी हात लावायचा नाही." तेव्हापासून आई दर शनिवारी ती पुसते.

"आई, नुसते छर्रे काढते गं. मिळाले की परत घालीन."

"हात लावून तर बघ! पोरगा आला तर काय पायी हिंडेल?"

"दहा वर्षं झाली, आई!"

"तुझ्या डोळ्यांत खुपतोच तो. लहानपणापासून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इथं राबायचं मी, आणि कौतुक त्याचं.

आई चर्चमध्ये संध्याकाळच्या मिस्साला गेली तशी मी सायकल उतरवली. मागच्या चाकाचा, छर्रे दाबून धरणारा कोन सोडवला. आतली छर्ऱ्यांची वाटी कोरडी ठाक. दुसरी बाजू उघडली, तीही रिकामी.

विकून खाल्ले मेल्यानं! तोंडातून शिवी गेली आणि मग आठवलं. जायच्या आदल्या आठवड्यात इथंच बसून त्यानं माझं चाक भरून दिलं होतं. त्या वर्षी गावात औषधालाही छर्रा मिळत नव्हता.

"कुठून आणलेस रे?"

"तुला काय करायचंय, ताई? तू चालव."

चरबीत लोळणारे ते बारा त्याच्या या सायकलचेच होते. म्हणजे परत यायचं नाही हे त्याचं तेव्हाच ठरलं होतं. मला तरी सांगायला काय धाड भरली होती? मी तिथेच फतकल मारून रडले.

मग कोन पुन्हा बसवला, सायकल टांगली, चरबीचे डाग पुसले. आई आली ती आधी भिंतीकडेच बघत.

"हात नाही ना लावलास?"

"नाही."

"आला की लागेल गं त्याला."

"हो, आई. लागेल."

मी दाराशी जाऊन बुटांचे तळ बघितले. पायी पोचायचं तर रात्री एक वाजताच निघावं लागणार होतं.