कीर्तन सुटल्यावर

देवळातलं पसायदान संपलं तसा निजामुद्दीननं माईकवरचा रुमाल काढला. कीर्तन चालू असताना मौत के कुएँचा भोंगा मुका ठेवायचा, हा मेडशीच्या जत्रेतला त्याचा स्वतःचा नेम. कुएँच्या फळ्यांना टेकून तो ऐकत राहायचा. बुवा चरण अर्ध्यावर कसं सोडतात, टाळ थांबवून अख्ख्या मांडवाचा श्वास कसा धरून ठेवतात. गर्दी हाकारायची विद्या त्याला तिथूनच लाभली होती.

माणसं बुक्का लावून बाहेर पडू लागली. हीच वेळ होती. आज कुआ भरला नाही तर सकाळी फळ्या लाकूडवाल्याच्या ट्रकात, असं मालक मदनसिंगनं दुपारीच बजावलं होतं.

"आओ, आओ! आखरी शो! उभ्या फळीवर धावती मोटारसायकल! उद्या हा कुआ दिसनार नाही!"

दोन पोरं हसली.

"चाचा, मांगच्या साली बी आखरीच होता."

"अन् त्याच्या मांगच्या साली?"

पोरांचं खोटं नव्हतं. जत्रेच्या पहिल्या दिवसापासून आखरी शो पुकारायचा, ही धंद्याची रीतच. आज त्याच्यापाशी दुसरा शब्द नव्हता.

त्यानं माईक बंद केला, पायऱ्या उतरून माणसांत आला आणि साध्या आवाजात म्हणाला,

"बाप्पा, खरंच शेवटचा हाये. मायची आन."

"वा! यंदा ॲक्टिंग भारी करून राह्यले चाचा!"

गर्दी खूश होऊन पाळण्याकडे वळली.

आत त्याच्या मेव्हण्यानं, शहबाजनं, गाडी पुन्हा एकदा रेस केली. वरच्या कठड्याशी कुणी नव्हतं. गाडी बंद झाली. मदनसिंग फळ्या खोलायचा पाना घेऊन मागं गेला.

गोजराबाई तेवढ्या थांबल्या. कीर्तनाचा प्रसाद घरी नेण्याआधी दरसाल त्या निजामुद्दीनच्या हातावर ठेवत.

"घसा बसला रे तुहा. घे, खडीसाखर हाये. आज गुडघे लय दुखून राह्यले, जिना चढवत नाही. उद्या येतो नातीले घेऊन."

आत एक बोल्ट टणकन खाली पडला. निजामुद्दीननं मान वळवली नाही.

"असशीन ना उद्या?"

त्यानं खडीसाखर तोंडात टाकली.

"हाओ मावशी. कीर्तन सुटलं की या. तुमी आल्याबिगर चालूच नाही करत."