बारावा वाटा

जास्त मिळत असताना एखादी बाई कमी का मागते, हे काशिरामच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

गावाचं तळं आता तिन्ही बाजूंनी इमारतींनी वेढलंय, तरी चैत्रात पाणी आटलं की वर्षातून एकदा त्यात जाळं ओढतातच. तळं अकरा घरांचं, म्हणून मासळीचे वाटेही अकरा. वाटे घालायचे काशिरामने. मग प्रत्येक घर आपली एक खूण टोपात टाकतं, कुणी किल्ली, कुणी अंगठी, आणि कुणीतरी डोळे मिटून एकेक खूण एकेका वाट्यावर ठेवतं. ज्याची खूण त्याचा वाटा. वाटे घालणाऱ्यालाही आपला कुठला ते ठाऊक नसतं, म्हणून लबाडीला जागाच नाही.

विनिता या अकरा घरांतली नव्हे. तिचा नवरा विठू द्रोणागिरीला ट्रेलर चालवतो आणि दोघं नऊ वर्षं अकरांतल्याच हितेशच्या चाळीत भाड्याने राहतात. पण जाळं ओढायला कमरेएवढ्या चिखलात सगळ्यांत आधी उतरणार ती. वाटे उचलून झाले की ती पिशवी उघडून उभी राहायची, आणि प्रत्येक घर तिच्यात मूठभर मासे टाकायचं. ‘पुरे, लई झाला’ म्हणत ती खाली मान घालून पुढच्या घरासमोर सरकायची.

यंदा मात्र जाळ्याच्या आदल्या सकाळी ती काशिरामच्या ओटीवर येऊन उभी राहिली.

“काका, यंदा मूठमूठ नको. माझा वाटा घाला.”

“अगो बाय, तुना ठावं तरी हाय कं? गेल्या साली मी गंमत म्हणून वजन केला. आमचा वाटा चार किलो, तुझी पिशवी पाच! बारा वाटे केले तं साडेतीनावर येशील.”

“येऊ दे.”

“पन का?”

“सांगून नाय कळायचा, काका. एकदा पिशवी धरून उभं राहा,” ती म्हणाली आणि चालती झाली.

आता आली का पंचाईत! काशिरामची पुतणी रोशनी पनवेलच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. तिला त्याने सगळं सांगितलं. ती हसली.

“आमच्या वर्गात यावरूनच जुंपते, काका. काही म्हणतात, प्रत्येकाला पोटापुरतं मिळालं की झालं, कुणाला जास्त मिळालं ते बघू नये. काही म्हणतात, नाही, सगळ्यांना सारखंच हवं.”

“हिला तं पोटापुरता हाय, आनि सारख्याहून जास्त हाय. मंग कोन बरोबर?”

“मला वाटतं, दोघंही नुसते मासेच मोजतात.”

काशिराम स्वस्थ बसणारा गडी नव्हे. दुपारी त्याने रिकामी पिशवी घेतली आणि हितेशच्या बंगल्याच्या पायरीवर जाऊन उभा राहिला. “चार शेवग्याच्या शेंगा दे रे.” स्वतःच्या परसात शेवगा लगडलेला असताना! हितेश फोनवर होता, त्याने हातानेच थांबायला सांगितलं. काशिराम थांबला. फोन संपला आणि काशिराम एकदम म्हणाला, “गारी मस्त हाय रे तुझी, एक नंबर.” हितेशने पिशवी गच्च भरून दिली.

वाटेत काशिरामला स्वतःचीच लाज वाटली. मेल्या, त्या गाडीचं तुला काय पडलं होतं? गाडी तर गल्लीत आडवी लावतो म्हणून कालच आपण त्याला शिव्या घातल्या होत्या! शेंगा चाराच्या पंधरा मिळाल्या होत्या, पण त्या दिवशी त्याला त्यांची आमटी गोड लागली नाही. नऊ वर्षं, दरसाल अकरा घरं. विनिताने कुणाकुणाची कसली कसली तारीफ केली असेल!

दुसऱ्या दिवशी जाळं निघालं. तीन मोठे जिताडे, बोयटं, कोळंबी. काशिरामने जिताडे तोडले आणि ताडपत्रीवर वाटे घातले. हितेश काठावर उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता.

“काका, बारा कसे झाले?”

“बारावा विनिताचा.”

“तिला आपण देतोच की! आज हिला वाटा, उद्या अख्खी चाळ येईल.”

“येऊ दे की चिखलात. जो उतरंल त्याचा वाटा.” काशिरामने त्याच्या कोरड्या पँटीकडे पाहिलं. “तू उतरलास कं? का तुझी खूण टोपात घेऊच नको?”

लोक खो खो हसले. हितेशने मोबाईल खिशात घातला आणि गाडीची किल्ली टोपात टाकली. तिच्यावर विनिताने आपली हातातली हिरवी बांगडी टाकली. रोशनीने डोळे मिटून खुणा ठेवल्या. बांगडी पडली कडेच्या वाट्यावर.

विनिता वाट्यापाशी उकिडवी बसली. तुकडे उलटेपालटे केले. आणि ताडकन उठली.

“काका, यो काय वाटा हाय? सगळ्या शेपट्याच घातल्यात! डोळे मिटून वाटे घालता काय?”

“ए बाय, तोंड सांभाळून! खूण पडली म्हंजे पडली!”

“पडली ना, मी कुठं नाय म्हणते? पुढच्या साली नीट तोडा!” तिने साडेतीन किलो मासे पिशवीत भरले आणि तणतणत, कुणाकडेही न बघता निघून गेली.

“काका, चिडलात?” रोशनीने विचारलं.

काशिरामला हसू आवरेना. डोळ्यांतलं पाणी त्याने चिखलाच्याच हाताने पुसलं.

“दरसाल अकरा घरं माझ्याशी भांडतान, पोरी,” तो म्हणाला. “यंदा बारा भांडली.”