जांभळीखालची जागा

आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात उभं राहून मिठाची बरणी सापडत नाही. "कमरजहाँ, मीठ कुठे हाय?" अशी हाक येते तेव्हा बरणी बहुधा ह्यांच्या कोपराला टेकलेली असते. अशा माणसाला छंद कसला जडावा? तर नकाशा घेऊन रानात जागा शोधण्याचा. त्याला ओरिएंटिअरिंग म्हणतात. मी त्याला हरवण्याची शर्यत म्हणायचे.

ह्यांचं नाव रमजान. महाडला हायवेवर ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. कॉलेजात एनसीसीत असताना होकायंत्राची गोडी लागली होती, ती चाळिशीनंतर पुण्याच्या एका क्लबाने पुन्हा उकरून काढली. खेळ असा: रानात ठिकठिकाणी छोटे झेंडे टांगतात, आकाशकंदिलासारखे तीन अंगांचे, अर्धे पांढरे अर्धे केशरी. त्यांच्या जागा नकाशावर गोल करून दाखवलेल्या असतात. एकेक जागा गाठायची, झेंड्याला बांधलेल्या चिमट्याने आपलं कार्ड टोचायचं आणि ठरलेल्या वेळेत परत यायचं. एक टोचा राहिला किंवा वेळ संपली की माणूस बाद. आमचे हे आजवर प्रत्येक शर्यतीत बाद झाले होते.

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार दोन साली, नवरात्राच्या सुमारास माझा धाकटा भाऊ मुदस्सर याने दोह्याहून फोन केला. त्याच्या कंपनीच्या गोदामात दुल्हाभाईंसाठी, म्हणजे ह्यांच्यासाठी, जागा होती. आमच्या मोहल्ल्यात घरटी एक पुरुष आखातात. त्यांच्या घरांवर दुसरे मजले चढले, आणि आमच्या गच्चीवर नुसत्या सळ्या गंजत उभ्या. मला ह्यांनी जायला हवं होतं, साफ सांगते. ह्यांचा पाय निघत नव्हता. दुकान आणि मुलगी नबीला ही कारणं होतीच, पण खरं कारण डोंगर.

शेवटी मी चिडून म्हणाले, "येत्या रविवारी कुडपणला शर्यत हाय ना? ती पुरी करून दाखवा. मी दोह्याचं नाव काढणार नाय. आणि बाद झालात तर बॅग भरायची."

ह्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "कबूल," म्हणाले.

मी निर्धास्त होते. हा माणूस शर्यत पुरी करतो, तर मग सूर्य पश्चिमेला उगवायचा.

सोमवारपासून तयारी सुरू झाली. पहाटे फजरची नमाज झाली की हे गांधारी नदीच्या काठाने पळायला जायचे आणि गुडघे धरत परत यायचे. त्या गुडघ्यांना तेल मीच चोळायची. ज्या घोड्याने हरावं अशी माझी इच्छा, त्याला खरारा करायचं कामही माझ्याकडेच!

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं गांधारपालेच्या लेण्यांवर गेलो. नबीलाला फिरणं आणि ह्यांना सराव. लेण्यांच्या ओट्यावरून खाली महाड दिसत होतं, दोन नद्या, मधली भातखाचरं, हायवेवरचे ट्रक. ह्यांनी नकाशा उलगडून नबीलाच्या पुढ्यात ठेवला आणि तपकिरी रेघांवर बोट फिरवलं.

"ही रेघ म्हणजे उंची. हिच्यावरून चाललीस तर चढ नाय, उतार नाय. रेघा जवळ आल्या की कडा. लांब गेल्या की माळ."

नबीलाने समोरच्या डोंगराकडे बघितलं, मग कागदाकडे. मीही बघितलं, आणि खरंच अंगावर काटा आला. समोरची सोंड कागदावर होती. तिच्यावरची घळ होती. घळीच्या तोंडाशी असलेला टेपाडाचा फुगवटासुद्धा होता. कुणीतरी एवढा डोंगर उचलून कागदावर ठेवला होता आणि त्याची एक सुरकुतीही सांडू दिली नव्हती. इतकी वर्षं मी त्या कागदावर भाजी निवडायला बसले होते.

मग मी जुन्या ओढणीच्या चिंध्या घेऊन उतारावर गेले आणि लपवल्या, नकाशावर ह्यांनीच आधी खुणा केल्या होत्या तिथे. वर येऊन बघत बसले. हे निघाले ते सरळ पहिल्या दगडापाशी. दुसरी चिंधी, तिसरी. पैज हातची जाते की काय! चौथी मी जरा आत, गवतात खोचली होती. हे अचूक तिच्यावरच जाऊन उभे राहिले. दिसली नाही. नकाशा बघितला, इकडे बघितलं, डोकं खाजवलं, आणि निघून गेले! थेट पलीकडच्या ओहळात शोधत बसले.

तेव्हा मला कळलं. ह्यांची वाट चुकत नव्हती. हे बरोबर जागी पोचत होते आणि तिथे उभं राहून स्वतःलाच खोटं पाडत होते. दुकानातही तसंच. गिऱ्हाईक जरा मोठ्याने बोललं की आपलाच हिशोब चुकला असं ह्यांना वाटतं. मी काही बोलले नाही. पैज होती ना.

शुक्रवारी जुम्याच्या नमाजेनंतर तुडीलला माझ्या माहेरी गेलो. सावित्रीच्या काठी सगळ्यांनी मासळीवर ताव मारला. ह्यांनी मात्र अर्ध्या पोटी उठून बांधावरून धावायला सुरुवात केली. माझी मावशी ओट्यावरून ओरडली, "गो कमर, जावयाच्या मागं कुत्रा लागलाय काय?" सगळे हसले, मीही हसले. पण बांधावरून लहान होत जाणारी ती आकृती बघताना वाटलं, दोह्याच्या गोदामात हा माणूस कुठे धावणार होता?

रविवारी उमरठच्या पुढे रस्त्याने आमच्या ओम्नीची आणि आमची हाडं खिळखिळी केली. कुडपणच्या पठारावर पोचलो तर धुकं. हात लांब केला तर बोटं पुसट. शर्यत चालवणारे येसाजी सुभेदार, फौजेतून निवृत्त झालेले, मिशीवरचं दव पुसत सगळ्यांना एकेक करून सोडत होते. आमच्या ह्यांचा नंबर बऱ्याच मागून होता. जाताना माझ्याकडे बघून हसले. पाचव्या पावलाला धुक्याने ह्यांना गिळलं.

मी आणि नबीला वरच्या वाडीत चंद्राबाईंच्या पडवीत जाऊन बसलो. त्यांचा मुलगा मुंबईत ट्रक चालवतो, आमच्या दुकानाचं गिऱ्हाईक. चंद्राबाईंनी चहा दिला. समोर देवीची सहाण होती, पालखी टेकवायचा दगडी ओटा. नवरात्र असल्यामुळे सारवून रांगोळी काढलेली. आणि त्या ओट्यावर रोवलेल्या काठीला, झेंडूची माळ घातलेला, हळदकुंकू वाहिलेला, पुढे नारळ फोडलेला एक झेंडा टांगला होता. तीन अंगांचा. अर्धा पांढरा, अर्धा केशरी. खाली चिमटा लोंबत होता.

"हे काय?" मी विचारलं.

चंद्राबाईंचे मालक भागोजी तिथेच हात जोडून उभे होते. "निशान हाय देवीचं," ते म्हणाले. "सकाळी गुरं सोडाया गेलो तं शिवेवरच्या जांभळीला टांगलेलं. कुनीतरी नवस फेडलान. आठव्या माळेला देवीचं निशान असं धुक्यात भिजत ठेवायचं व्हय? वाजतगाजत आनलं."

सुभेदारांनी झेंड्यांचं खालच्या वाडीत सांगून ठेवलं होतं. जांभूळ मात्र वरच्या वाडीच्या शिवेवर होती, आणि इथे कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. पहिल्या काहींनी कार्ड टोचून घेतलं असेल. आमचे हे पोचतील तेव्हा तिथे काही नसणार होतं.

मी कप हातात धरून बसून राहिले. काहीच करायचं नव्हतं मला. नुसतं गप्प बसायचं होतं. हे बाद झाले असते, बॅग भरली असती, वरचा मजला चढला असता. मनात आलं ते सांगते, लाज नाही वाटत. पण मग डोळ्यांपुढे तो गांधारपालेचा उतार आला. हे पुन्हा बरोबर जागी उभे राहणार, झेंडा नाही म्हणून पुन्हा स्वतःलाच चुकलेले ठरवणार आणि तीच समजूत घेऊन विमानात बसणार. हरायचं तर खुशाल हरावं माणसाने. पण बरोबर असताना चुकलो म्हणून हरायचं? ते मला बघवलं नसतं.

"भागोजीभाऊ, ते निशाण मला द्या."

"देवीला वाहिलेलं काढता येत नाय, ताई."

मी सगळं समजावलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला, पण झेंड्याला हात लावला नाही. तेवढ्यात चंद्राबाई पदर खोचत उठल्या. "झेंडा ऱ्हाऊ दे. झाड तं दाखवते. चल गो."

नबीलाला भागोजींपाशी ठेवून आम्ही निघालो. कारवीच्या झुडपांतून, ओल्या गवतातून, धुक्यातून. दोन गडी उलट येताना भेटले, "तिथे काहीच नाही," म्हणत पुढच्या खुणेकडे पळत गेले. माझा धीर सुटत चालला. हेही गेले असणार, कुठल्या तरी ओहळात चिंध्या शोधत.

चंद्राबाई थांबल्या. धुक्यात एक काळं खोड उभं होतं. त्याच्या मुळाशी, पाठ टेकून, नकाशा मांडीवर पसरून आमचे हे बसले होते.

"तू?" ते दचकून म्हणाले.

"झेंडा वरच्या वाडीत हाय, देवीच्या सहाणेवर. नवसाचा म्हणून नेला. तुम्ही... तुम्ही इथे बसून का राहिलात?"

"सगळे आले, बघितलं, निघून गेले. मी पण उठलो होतो." ते नकाशावर बोट ठेवून म्हणाले. "मंग म्हटलं, ही घळ इथे, ही सोंड इथे. पायाखाली सपाट. दुसरीकडे जाऊ कुठं? झेंडा नाय, पण जागा हीच हाय."

"ह्याच फांदीवर व्हता," चंद्राबाई म्हणाल्या.

ह्यांनी वर फांदीकडे बघितलं. मग ओंजळीत तोंड लपवलं. हसत होते की रडत होते मला कळलं नाही. मी शेजारी ओल्या मुळीवर बसले आणि ह्यांचा हात धरला. बाहेर, परक्या बाईसमोर, आयुष्यात पहिल्यांदा.

आणि धुकं फाटलं. आमच्या पायांपासून हाताच्या अंतरावर जमीन संपत होती. तिथून खाली कडा, कड्याखाली रान, रानापलीकडे डोंगरांमागे डोंगर, पोलादपूरकडे उतरत गेलेलं खोरं आणि त्याच्या तळाला चकाकणारं पाणी. नकाशावरचा गोल आणि आम्ही, एवढ्या प्रचंड पसाऱ्यात, अगदी एकाच ठिकाणी. एवढ्या धुक्यात, काही न दिसता, हा माणूस इथे चालत आला होता. मिठाची बरणी न सापडणारा माझा नवरा. मला त्यांच्याकडे बघायचीच भीती वाटली, इतके ते अनोळखी आणि मोठे दिसले. "या अल्लाह," एवढंच तोंडून निघालं.

बाकीचे टोचे घेऊन हे परत आले तेव्हा वेळ कधीच संपली होती. सुभेदारांनी जांभळीची खूण सगळ्यांसाठी रद्द केली. जे तिथून पळत सुटले ते सगळे पास. जो बसून राहिला तो उशीर झाला म्हणून बाद. सुभेदार बराच वेळ कार्ड उलटसुलट करत राहिले. "नियम आहे, रमजानभाई," ते म्हणाले. हे म्हणाले, "बरोबर आहे, साहेब." गाडीत बसल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बॅग कुठली घ्यायची, ती निळी?"

मी मागे वळून नबीलाला ओढणी गुंडाळली.

घरी पोचून हातपाय धुतोय तोच फोन वाजला. मुदस्सर होता. पैजेचं त्याला माहीत होतं.

"काय झालं आपा? दुल्हाभाई बाद?"

"बाद."

"मग जिंकलीस की तू! कागद पुढे पाठवू?"

दारातून हे दिसत होते. नबीलाला पुढ्यात घेऊन जमिनीवर नकाशा पसरला होता आणि तिचं बोट धरून एका तपकिरी रेघेवरून हळूहळू नेत होते.

"नको पाठवू रे," मी म्हणाले. "हरले मी."